एक खेळी जास्त

गेल्या रविवारी पुरवणीतलं बुद्धिबळाचं सदर वाचत बसले होते. माझ्या वयाच्या बाईनं पुरवणीत पाककृती आणि राशिभविष्य वाचावं अशी लोकांची अपेक्षा असते. पण पाककृती मला येतात आणि भविष्य आता उरलंय किती? बाहेर आषाढाची झड लागली होती. सदर लिहिणाऱ्या गृहस्थांनी नवशिक्यांना समजेल असं सांगितलं होतं, की काळ्या मोहऱ्यांसाठी म्हणून जो बचाव शिकतात, तो पांढऱ्या मोहऱ्यांनीही खेळता येतो. पटाची बाजू बदलते, मांडणी तीच राहते. पांढऱ्याची खेळी पहिली असल्यामुळं हाती एक खेळी जास्त येते, एवढाच फरक. शेवटी त्यांनी बजावलं होतं, की ही जास्तीची खेळी म्हणजे नुसता फायदा समजू नये, तिचं काय करायचं ते माहीत असावं लागतं. मी चष्मा काढून ठेवला. हे मला कुणी सांगायला नको होतं. मी ते सदुसष्ट सालच्या पावसाळ्यात, मालवणात, आमच्याच पडवीत शिकले. त्याची किंमत मात्र माझ्या वडिलांनी मोजली.

तेव्हा मालवणात ऋतू दोनच होते : आगबोट चालू आणि आगबोट बंद. मे सरता सरता मुंबईची शेवटची आगबोट येऊन जायची, उतारूंना आगबोटीपर्यंत नेणारे पडाव ओढून माडांखाली घ्यायचे, आणि पुढं नारळी पौर्णिमा उलटेपर्यंत किल्ल्यापलीकडचा समुद्र नुसता गुरगुरत राहायचा. माझे वडील, नाना, आगबोटीच्या एजंटाकडं तिकीट-कारकून होते. खिडकीला फळी ठोकली की त्यांचं काम संपायचं. सकाळी ऑफिसात जाऊन वह्यांना वाळवी लागली का तेवढं बघून यायचे, कोट खुंटीला लावायचे आणि पडवीत पट मांडायचे. बाकीच्या गावाचंही तसंच. कुणाच्या लग्नाची बोलणी असोत, कुणाचा दुखरा दात असो, पावसात काही विचारलं की उत्तर ठरलेलं : आगबोट चालू होवंदे, मगे बघूया. एस.टी.ची लाल गाडी तेव्हाही धावत होती, रस्ते होते, पूल होते. पण तोंडावर नाही म्हणायची आम्हांला सवय नाही. नकार द्यायचा तर तो समुद्रावर ढकलून द्यायचा, ही आमच्याकडची जुनी रीत.

नानांचं बुद्धिबळ विलायती होतं. गावात बाकीचे देशी खेळत. त्यात प्यादं एकेक घर चालतं आणि पानाचा डबा रिकामा झाला तरी डाव संपत नाही. नानांना आगबोटीवरच्या कुणा गोवेकर अधिकाऱ्यानं प्यादं पहिल्यांदा दोन घरं टाकायला आणि राजाला किल्लेकोटात ठेवायला शिकवलं होतं. तेव्हापासून ते देशीवाल्यांना बैलगाडीवाले म्हणायचे. साहजिकच त्यांच्याशी खेळायला गावात कुणी उरलं नाही. मग मी. मला नववं लागलं त्या पावसाळ्यात त्यांनी मला समोर बसवलं. मोहरे सावंतवाडीच्या चिताऱ्याकडून करून घेतलेले. काळ्यांवर लाखेची चकाकी, पांढरे नुसत्या लाकडाचे. पांढरे त्यांचे, काळे माझे. पहिल्या दिवशी मी पांढऱ्याला हात घातला तेव्हा त्यांनी माझी बोटं अलगद बाजूला केली.

“पयली खेळी जाणट्याची,” ते म्हणाले. जाणटो म्हणजे घरातला थोर. पंगतीत पहिलं पान ज्याचं, गरम पाण्याचा पहिला हंडा ज्याचा, पहिली खेळीही त्याचीच. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट बापानं आपल्याला समोर बसवलं याचाच तोरा मी आठवडाभर मिरवला.

नाना दर डावात राजापुढचं प्यादं दोन घरं टाकायचे. तुळशीला पाणी घालावं तितकं ते ठरलेलं. त्यावर काय करावं ते मी हरत हरत शिकले. वजिराकडच्या उंटापुढचं प्यादं दोन घरं, मग घोडे बाहेर, आणि दुसरा उंट कोपऱ्यात, राजाच्या शेजारी. तिथून तो पटाच्या आरपार तिरका बघत राहतो. या मांडणीला मोठं विलायती नाव आहे हे मला फार उशिरा कळलं. आम्ही त्याला कोपऱ्यातला उंट म्हणायचो. नाना आपला राजा पलीकडच्या बाजूला न्यायचे आणि अलीकडून माझ्या राजावर प्यादी सोडायचे. मी तिकडून त्यांच्या राजावर धावायची. कोण आधी पोचतं एवढाच प्रश्न असायचा, आणि दर वेळी तेच पोचायचे, कारण निघायचे तेच आधी. मात झाली की मोहरे गोळा करता करता म्हणायचे, “एकच खेळी कमी पडली तुका.” चिडवायला नव्हे, कौतुकानंच म्हणायचे, आणि म्हणून ते जास्त लागायचं.

मी खोटं बोलणार नाही, ते दिवस मला आवडायचे. पावसाच्या बाजूनं माडाची झापं बांधलेली, त्यांना भिजून आंबूस वास सुटलेला. आई चुलीत भाजलेल्या फणसाच्या आठळ्या केळीच्या पानावर आणून ठेवायची. नाना पटावरून डोळे काढायचे नाहीत म्हणून मी आठळी सोलून त्यांच्या हाताशी ठेवायची, आणि हात आपोआप तिच्याकडं जायचा. आतून आईची धाप ऐकू यायची. तिला दमा होता, पावसात तो वाढायचा. माझ्या बरोबरीच्या मुलींचे बाप मुंबईला नोकरीत, गणपतीत चार दिवस दिसायचे, तेही पाहुण्यासारखे. माझा बाप चार महिने माझ्यासमोर मांडी घालून बसलेला असायचा. आता वाटतं, माझ्यासमोर म्हणजे पटासमोर. पण तेव्हा एवढा फरक कोण करत बसतं?

अठ्ठावन्न साली मी मॅट्रिक झाले. मला शिक्षिका व्हायचं होतं, दुसरं काही कधी व्हायचंच नव्हतं. रत्नागिरीला मुलींच्या ट्रेनिंग कॉलेजात नाव लागलं आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात हजर व्हा, असं कार्ड आलं. आईनं कुणाकडून तरी ट्रंक मागून आणली, तळाला वर्तमानपत्र घातलं आणि माझी दोन पातळं घडी करून ठेवली. नाना पटाकडं बघत म्हणाले, “वाटेर पूर आसा. आगबोट चालू होवंदे, मगे बघूया.” आईनं हलकेच सांगून बघितलं की गाडी रोज जाते, पोस्ट रोज येतं, मग पोरगी का नाही जाणार? नाना म्हणाले, तुझ्या दम्याचं कोण बघणार? आई म्हणाली, दमा माझा आहे, मी बघेन, जाऊ दे तिला. नानांनी घोडा उचलला आणि ठेवला.

त्याच आठवड्यात शेजारचे पोस्टमन दत्ताराम पडवीत टेकले होते. कार्ड त्यांनीच आणून दिलेलं, त्यामुळं त्यांना जिव्हाळा. पोरीला का पाठवत नाही, असं त्यांनी विचारलं. मी चहा घेऊन दाराआड उभी होते. नाना हसले आणि म्हणाले, “चेडू गेला तर पावसात माझ्यावांगडा खेळतला कोण?”

दत्तारामही हसले. मी बाहेर जाऊन दोघांना चहा दिला, नानांच्या कपात साखर जास्त घातली, कारण त्यांना तशी लागते. ते थट्टेत म्हणाले असतील, असं मी स्वतःला पुष्कळ वेळा सांगून बघितलं. थट्टेत माणूस खरं बोलतो, हेही मला तेव्हाच कळलं. सप्टेंबरात आगबोट चालू झाली तेव्हा कॉलेजचे वर्ग भरून दोन महिने झाले होते. ट्रंक ज्यांची होती त्यांच्याकडं परत गेली.

पुढल्या वर्षी आईच गेली. तिच्यामागं घर सोडून जायचं नाव कोण काढणार? मग वय उलटलं. मला शाळेत घेतलं ते ‘अनट्रेंड’ म्हणून, आणि तो शब्द निवृत्त होईपर्यंत माझ्या नावापुढं राहिला. माझ्या हाताखाली मुळाक्षरं गिरवलेली एक मुलगी ट्रेनिंग करून आली आणि माझी मुख्याध्यापिका झाली. पोर गुणी होती, मला बसायला खुर्ची द्यायची. मी तिच्याशी नीट बोलायची आणि घरी येऊन भांडी आपटायची. स्थळंही आली एक-दोन, तीही पावसातच आली, आणि त्यांनाही आगबोटीची वाट बघायला सांगण्यात आलं. आणि दर आषाढात संध्याकाळी शाळेतून यायचं, पाय धुवायचे, आणि काळे मोहरे मांडायचे.

सदा काळ्यानं खेळणाऱ्याचा स्वभाव तसाच बनतो. आधी समोरच्याच्या हाताकडं बघायचं, मग आपलं ठरवायचं. अजूनही कापडाच्या दुकानात मी शेजारची बाई काय घेते ते बघते आणि मग माझं पातळ निवडते. पण काळ्याकडं एक गोष्ट असते : त्याला समोरचा पाठ झालेला असतो. नाना कुठल्या खेळीआधी मिशी चाचपतात, हत्ती उचलायचा असला की मांडी कशी बदलतात, हल्ला फसतोय असं वाटलं की आठळ्या कशा भराभर खातात, सगळं मला ठाऊक होतं. त्यांना माझं काही ठाऊक असण्याची गरज पडली नाही. माझी कुठली सवय त्यांना सांगता आली असती, असं मला वाटत नाही.

सदुसष्टच्या आषाढात एके दिवशी शाळेतून आले तर नाना पट मांडून बसले होते आणि काळे मोहरे त्यांच्या बाजूला होते. मला वाटलं मांडताना चुकले.

“आज तू पांढरे घे,” ते म्हणाले. “काळे माका बरे दिसतत.”

पांढरे मोहरे एवढ्या वर्षांत जुन्या तुपासारखे पिवळट झाले होते आणि पटाची पांढरी घरंही त्याच रंगावर आली होती. मला एका क्षणात सगळं उमगलं. महिनाभर ते दाराशी ठेवलेला तांब्या पायानं उडवत होते. दत्ताराम बाजूनं आले तर अंगाशी येईपर्यंत कळत नव्हतं. शनिवारी देवळाच्या पायरीवर कठड्याला खांदा आपटला होता आणि कठड्याला शिव्या दिल्या होत्या. ज्या माणसानं सतरा पावसाळे पहिली खेळी सोडली नाही, तो आज ती आपणहून देतोय, म्हणजे त्याचे डोळे चाललेत. पट बाजूला सारून मी म्हणायला हवं होतं, नानानू, इकडं बघा माझ्याकडं. मी बसले आणि प्यादं टाकलं. वजिराकडच्या उंटापुढचं, दोन घरं.

नानांनी सवयीनं राजापुढचं प्यादं दोन घरं टाकलं. काळ्यानं खेळताना त्यांना दुसरं काही सुचणं शक्यच नव्हतं. म्हणजे पटावर आमचाच रोजचा डाव होता, नुसता फिरवून ठेवलेला. मी घोडे काढले, उंट कोपऱ्यात नेला. नानांनी राजा पलीकडं नेला, प्यादी सोडली, मिशी चाचपली. सगळं त्याच क्रमानं येत होतं आणि मी प्रत्येक ठिकाणी त्यांच्या एक खेळी आधी पोचत होते. इतकी वर्षं जी खेळी मला कमी पडायची तीच आता माझ्या हातात होती. माझा कोपऱ्यातला उंट पटाच्या आरपार आला आणि त्यांचा हत्ती घेऊन गेला. नाना दचकले. “ह्यो खंयसून इलो?” त्यांनी विचारलं. तो पहिल्यापासून तिथंच होता. त्यांना कोपरा दिसतच नव्हता.

मात झाल्यावर मी म्हटलं, “एकच खेळी कमी पडली तुमका.” ते हसले. मला आनंद झाला. लाज वाटायला हवी होती, पण आनंद झाला, आणि रात्री चुलीपुढं एकटी बसून मी तो डाव मनात पुन्हा एकदा खेळले.

दुसऱ्या दिवशी त्यांना डॉक्टरांकडं नेलं. तेवढं मी केलं. डॉक्टरांनी त्यांना डोळे मिटायला लावले आणि पापणीवरून बोटांनी बुबुळ दाबून बघितलं. मग मला पायरीवर बोलावून सांगितलं, की काचबिंदू आहे, डोळा सुपारीसारखा कठीण लागतोय. कडेची नजर गेलीय, ती परत यायची नाही, पण मधली वाचवता येईल. थेंब देतो, ते पुरणार नाहीत. मिरजेला न्या, याच आठवड्यात न्या, यात एकेक दिवस जातो तो कायमचा जातो. मी सगळं नीट ऐकलं. शिक्षिका असल्यामुळं दुसऱ्याचं बोलणं मला अजून शब्दशः आठवतं.

त्या संध्याकाळी पट मांडला होता. चार-पाच खेळ्या झाल्यावर नानांनी विचारलं, “डॉक्टर काय म्हणता?”

“मिरजेक नेवक सांगितल्यान.”

“मगे?”

मी उंट कोपऱ्यात नेऊन ठेवला. “आगबोट चालू होवंदे,” मी म्हटलं. “मगे बघूया.”

मिरजेला समुद्र नाही, हे मालवणच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. रत्नागिरीला निदान आगबोट जायची; नानांच्या नकाराला तेवढं तरी निमित्त होतं. मी तेही ठेवलं नाही. तीस वर्षं आगबोटीची तिकिटं फाडणाऱ्या माणसाला हे कळलं नाही, असं होईल? त्यांचा हात प्याद्यावर होता, तो तसाच राहिला. मी वाट बघत होते, की ते ओरडतील, विचारतील, निदान डॉक्टर नक्की काय म्हणाले ते पुन्हा विचारतील. त्यांनी प्यादं एक घर पुढं केलं. त्यानंतर त्यांनी मिरजेचं नाव काढलं नाही.

थेंब मी रोज घालायची, सकाळ-संध्याकाळ, वेळ न चुकता. दत्तारामांना कुणीतरी सांगितलं तेव्हा ते आपणहून आले. म्हणाले, रजा टाकतो, मी नेतो, गाडीत शेजारी बसतो. मी म्हटलं, त्यांना झेपणार नाही, रस्ते खराब आहेत. ते गेल्यावर नाना म्हणाले, बराच पाऊस पडतोय यंदा. मी हो म्हटलं. कुळथाची पिठी आणि भात वाढला, भाजलेला बांगडा काटे काढून त्यांच्या पानात ठेवला. कुणी बाहेरून बघितलं असतं तर म्हणालं असतं, काय पण लेक आहे.

श्रावणभर आम्ही रोज खेळलो आणि रोज मी जिंकले. त्यांची नजर कुठं गेलीय ते मला पटावरून कळायचं. आधी उजव्या कडेचे मोहरे मारले जाऊ लागले, मग डाव्या कडेचे. मग ते पटाच्या मधल्या चार-सहा घरांतच खेळू लागले, आणि माझी खेळी झाली की बोटांनी चाचपून विचारायचे, हय काय आसा, थंय काय आसा? मी खरं सांगायची. पटावर मी त्यांना कधी फसवलं नाही. जिंकण्यातला आनंद आठ दिवसांत संपला होता, पण डाव थांबवायचा कसा तेच मला कळत नव्हतं. रोज शाळेत जाताना स्टँडवरून जावं लागे. घाटावर जाणारी गाडी तिथं उभी असायची, टपावर ताडपत्री बांधलेली, आणि मी छत्री कलती करून पुढं जायची.

नानांनी मला अडवलं तेव्हा त्या अडवण्यानं माणसाचं काय होतं ते त्यांना ठाऊक नव्हतं. म्हणून त्यांचा गुन्हा लहान होतो असं मी म्हणत नाही, ते मला आजही मान्य नाही. पण मला ते ठाऊक होतं. ‘मगे बघूया’ म्हटल्यावर एक दिवस कसा जातो, मग आठवडा कसा जातो, समोरचं माणूस विचारायचं कसं थांबतं, मी आतून बघितलं होतं. तोच डाव, तीच मांडणी, आणि माझ्याकडं एवढं एक जास्तीचं. ते मला मिरजेच्या गाडीत बसायला उपयोगी पडलं असतं. मी ते हल्ल्यात घातलं. सदरातले गृहस्थ म्हणतात ते बरोबर आहे.

सप्टेंबरात पहिली आगबोट आली तिनं मी त्यांना मुंबईला नेलं. दिला शब्द पाळला, असं म्हणायला मी मोकळी. तिथल्या डॉक्टरांनी त्यांच्या डोळ्यांत बॅटरी मारून बघितली आणि विचारलं, इतके दिवस कुठं होता? नाना म्हणाले, पावसात आमची आगबोट बंद असते. माझ्याकडं त्यांनी तोंडही वळवलं नाही. ऑपरेशन झालं, पण वाचवण्याजोगं फार उरलं नव्हतं. उजेड कुठल्या बाजूला आहे एवढं त्यांना पुढं कळायचं.

त्यानंतर ते अकरा वर्षं जगले. मी त्यांचं सगळं केलं, आंघोळीपासून दाढीपर्यंत. गावानं मला डोक्यावर घेतलं. लग्न केलं नाही पण बापाला सांभाळलं, अशी लेक हवी, असं बायका आपल्या मुलींना माझ्याकडं बोट दाखवून सांगायच्या. मी ते ऐकून घेतलं आणि नको म्हटलं नाही. खोट्या कौतुकाचीही माणसाला सवय होते.

पण आषाढ लागला की मला ती अकरा वर्षं आठवत नाहीत. मला मुंबईहून परत येतानाची आगबोट आठवते. तिकीट-खिडकीचा जुना माणूस म्हणून खलाशांनी नानांना वरच्या डेकवर खुर्ची दिली होती. डोळ्यांवर हिरवी पट्टी होती. मी त्यांच्या पायाशी ट्रंकेवर बसले होते. दुपारी मी त्यांना केळं सोलून दिलं, पाणी दिलं. उन्हं कलली तेव्हा इंजिन मंद झालं आणि नांगराची साखळी खडखडत खाली गेली. त्या आवाजावरून आणि वेळेच्या हिशेबानं कुठलं बंदर आलं ते त्यांना सांगावं लागलं नाही.

“रत्नागिरी,” ते म्हणाले.

मी त्या गावात कधी पाय ठेवला नव्हता. बघतही पहिल्यांदाच होते. मुंबईला जाताना इथं पोचलो तेव्हा अंधार होता.

“तुका हय धाडूक नाय,” नाना सावकाश म्हणाले, “तेवा तुजा काय होतला ता माका कळूक नाय.” मग म्हणाले, “तुका म्हायत होता.”

त्यात राग नव्हता. डाव संपल्यावर कोण कुठं चुकलं ते सांगताना ते जसे बोलायचे, तसेच बोलले. मी रडले असते तर बरं झालं असतं, त्यांना माझ्या डोक्यावर हात ठेवता आला असता. मला रडू आलं नाही. पडाव आगबोटीला लागले होते, लोक ट्रंका आणि वळकट्या खाली देत होते.

“कशी दिसता गो?” त्यांनी विचारलं. “सांग माका.”

समोर सगळं पिवळ्या उन्हात होतं. टेकडीवरचा किल्ला, खालची कौलं, धक्क्यावर माणसांना न्यायला आलेली माणसं, आणि वर चढत जाणारा रस्ता.

“लांब आसा,” मी म्हटलं. “हयसून काय दिसना नाय.”

नानांनी मान हलवली. धक्क्यावरची माणसं काय बोलत होती ते आम्हां दोघांनाही शब्दन् शब्द ऐकू येत होतं.